नाव पायलटचे, काळजी कुणाची?

१८ जून २०२४ च्या पहाटे कांचनजंगा एक्सप्रेस उरलेले डबे घेऊन सियालदहला पोहोचली. आदल्या दिवशी उत्तर बंगालमधील रांगापानीजवळ एका मालगाडीने तिला मागून धडक दिली होती. मालगाडीचा चालकही त्यात दगावला. चौकशी सुरू होण्याआधीच रेल्वे मंडळाने त्याने सिग्नल पाळला नसल्याचे सांगून टाकले.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने मात्र वेगळेच वास्तव मांडले. स्वयंचलित सिग्नल सकाळपासून नादुरुस्त होते. चालकाला दिलेले परवानगीपत्र सदोष होते. त्यात वेगमर्यादेचा उल्लेखच नव्हता. बिघाडानंतर त्या टप्प्यात शिरलेल्या गाड्यांपैकी ताशी १५ किलोमीटरचा दंडक केवळ कांचनजंगानेच पाळला. म्हणजे संभ्रम एकट्याचा नव्हता. चालक आणि स्टेशनमास्तर यांचे समुपदेशन अपुरे असल्याचाही ठपका अहवालात आहे.

हवाई दलात वैमानिकाची मनःस्थिती हा उड्डाणसुरक्षेचाच भाग मानला जातो. त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय अधिकारी असतात, बेंगळुरूत एअरोस्पेस मेडिसिनची संस्था आहे. रेल्वेने चालकाला ‘लोको पायलट’ हे भारदस्त नाव दिले. त्या नावामागची व्यवस्था दिली नाही.

‘कवच’ यंत्रणा हवीच. परंतु यंत्रणा बंद पडते तेव्हा निर्णय शेवटी इंजिनातील माणसालाच घ्यावा लागतो. त्याला पुरेशी विश्रांती, निःसंदिग्ध आदेश आणि ‘आज मी गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही’ असे निर्भयपणे सांगण्याची मुभा हवी. मृतावर दोष ढकलणे सोपे असते. त्यातून जिवंत चालक एवढेच शिकतात, की गप्प राहावे.