पट्टा शेतकऱ्याचा, वायू सरकारचा : कावेरीच्या खोऱ्यातील मालकीचा पेच

कुंभकोणमहून मयिलादुतुरैकडे जाणाऱ्या पट्ट्यात भातखाचरांच्या मधोमध तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या (ओएनजीसी) विहिरी आहेत. ३० जून २०१७ रोजी याच पट्ट्यातील कदिरामंगलम गावात महामंडळाची वाहिनी फुटून तेल शेतात पसरले. ग्रामस्थ रस्त्यावर उतरले, अटका झाल्या आणि गावाचे नाव देशभर गेले. त्याच वर्षी पुदुकोट्टै जिल्ह्यातील नेडुवासल येथे हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध मोठे आंदोलन झाले. या दोन्ही प्रसंगी चर्चा झाली ती भूजलाची आणि पिकांची. जमिनीखालचा वायू कोणाचा, हा प्रश्न मागेच राहिला.

अमेरिकेत तो जमिनीच्या कागदपत्रांतच सुटतो. तेथे पृष्ठभाग आणि खनिज यांची मालकी वेगळी करता येते; आजोबांनी जमीन विकताना खनिज राखून ठेवले असेल, तर नातवंडे जुनी दस्तनोंदणी चाळून कंपनीशी भाडेपट्टा करतात. पेनसिल्व्हेनियात तर मालकाला किमान एक अष्टमांश स्वामित्वधन देण्याचे बंधन १९७९ च्या कायद्याने घातले आहे.

कुंभकोणमच्या वारसाला असा शोध घेण्याजोगे कागद कमी नाहीत. तंजावरच्या भोसले राजांच्या काळातील मोडी दफ्तर आजही उपलब्ध आहे. जुनी इनामे १९४८ च्या मद्रास इस्टेट निर्मूलन कायद्याने आणि १९६३ च्या इनाम निर्मूलन कायद्यांनी रयतवारीत आली आणि कसणाऱ्यांना पट्टे मिळाले. मात्र पट्टा कितीही जुना असला, तरी वायूसाठी भाडेपट्टा देण्याचा अधिकार त्यातून येत नाही. तेलक्षेत्रांचे नियमन राज्यघटनेने केंद्राकडे सोपवले आहे. १९४८ चा तेलक्षेत्र कायदा व त्याखालील १९५९ च्या नियमांनुसार जमिनीवरील क्षेत्राचा भाडेपट्टा राज्य सरकार केंद्राच्या पूर्वमान्यतेने देत आले आहे. वायूवरील स्वामित्वधन, म्हणजे विहिरीच्या मुखाशी असलेल्या मूल्याच्या साधारण १० टक्के रक्कम, राज्याच्या तिजोरीत जाते. ज्याच्या बांधावर विहीर उभी आहे त्याला मिळते ते जागेचे भाडे किंवा भरपाई.

वाहिनीखालील जमिनीबाबत तर व्यवहार आणखी एकतर्फी आहे. १९६२ च्या पेट्रोलियम वाहिनी कायद्यान्वये जमीन संपादित न करता केवळ वापराचा हक्क घेतला जातो. त्यापोटी बाजारभावाच्या १० टक्के आणि पिकांच्या नुकसानीची भरपाई मिळते. पण त्या पट्ट्यात पुढे घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाडही लावता येत नाही. सातबारा नावावर राहतो आणि वापर आक्रसतो, हे महाराष्ट्रातील वायुवाहिन्यांखालच्या शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे.

खनिज आपोआप सरकारचेच असते, असे मात्र सर्वोच्च न्यायालय मानत नाही. ८ जुलै २०१३ रोजी केरळमधील मलबारच्या जमीनमालकांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, कायदेशीर प्रक्रियेने हक्क काढून घेतला नसेल, तर भूगर्भातील खनिज सामान्यतः जमिनीच्या मालकीबरोबर जाते. २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने स्वामित्वधन हा कर नसून भाडेपट्टा देणाऱ्याला मिळणारा करारातील मोबदला असल्याचे सांगितले. हे निकाल तेल-वायूच्या भाडेपट्ट्यांबाबतचे नाहीत. शिवाय मालकी असली, तरी परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाहीच. तरीही मोबदला भाडेपट्टा देणाऱ्याचा असेल, तर जमीनमालकाला त्या करारात स्थान का नाही, हा प्रश्न त्यांतून उभा राहतो. मार्च २०२५ मध्ये संसदेने तेलक्षेत्र कायद्यात दुरुस्ती केली, पण तिचा रोख गुंतवणूकदारांच्या स्थैर्यावर होता.

कोळसा वा लोहखनिजाच्या पट्ट्यात २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांत बाधितांसाठी निधी जमा होतो. खनिज तेल व वायू त्या कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याने कावेरीच्या गावांना तेवढाही आधार नाही. कुत्तालम येथील १०१ मेगावॅटचे वीजकेंद्र वायूवर चालते, राज्याला महसूल मिळतो, आणि जोखीम पाण्यावर व मातीवर राहते. वाटा नाही म्हणून सौदाही नाही. शेतकऱ्याच्या हातात उरतो तो केवळ नकार. त्रिभुज प्रदेशातील आंदोलने ‘अधिक भाव द्या’ अशी मागणी करण्याऐवजी ‘विहीरच नको’ म्हणतात, त्यामागे पर्यावरणाइतकेच हेही कारण आहे.

त्या नकाराला फेब्रुवारी २०२० मध्ये तामिळनाडू विधानसभेने संरक्षित कृषिक्षेत्र कायद्याचे रूप दिले. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम हे जिल्हे आणि कडलूर व पुदुकोट्टैचे काही तालुकाविभाग यांत नव्या तेल-वायू प्रकल्पांना बंदी झाली. मात्र आधीपासून सुरू असलेल्या विहिरींना हा कायदा लागू नाही, आणि क्षेत्राबाहेर संरक्षणही नाही. २०२५ मध्ये रामनाथपुरम जिल्ह्यात २० चाचणी विहिरींना राज्य पातळीवरील पर्यावरण प्राधिकरणाने मंजुरी दिली, तेव्हा विरोधानंतर राज्य सरकारला ती मागे घेण्यास सांगावे लागले. कदिरामंगलमच्या जुन्या विहिरींखालील जमिनीचे पट्टे मात्र वारसांच्या नावे चढतच राहतील, आणि त्यांच्याशी करायच्या कराराचा मसुदा अजून कोणीही मांडलेला नाही.