साहित्य, कृती आणि एक कुलूप



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आजचा विषय ऐकून माझ्या ओळखीचे सगळे हसणार हे नक्की. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या, मराठी माध्यमातून बीए केलेल्या बाईने व्हिडिओ गेमवर लिहावं म्हणजे काय! पण माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि ती निस्तरताना जे कळलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नातू म्हणाला, "आजी, एक एसडी कार्ड आणून देशील? मला जुन्या वी-वर होमब्रू चालवायचंय."

वी म्हणजे निन्टेंडो कंपनीचा टीव्हीला जोडायचा पांढरा डबा. २००६ साली निघाला होता. आमचा मुलगा २००९ मध्ये अमेरिकेहून परत येताना घेऊन आला. चार-पाच वर्षं घरात त्याचा दंगा चालला, मग तो माळ्यावर गेला. तो मला माहीत होता. 'होमब्रू' मात्र माहीत नव्हतं, म्हणून सवयीप्रमाणे शब्दकोश काढला. अर्थ निघाला, घरी गाळलेली बिअर. म्हणजे हातभट्टीच की हो! चौदा वर्षांच्या पोराच्या तोंडी हा शब्द!

त्याने समजावलं. कंपनीच्या परवानगीशिवाय, हौसेने घरी लिहिलेलं आणि त्या डब्यावर चालवायचं सॉफ्टवेअर म्हणजे होमब्रू. "पण त्यासाठी डब्याचं लॉक उघडावं लागतं," असंही तो प्रामाणिकपणे म्हणाला. झालं. माझ्यातली बाई जागी झाली. "कुलूप फोडणं म्हणजे चोरी. आत काही असो वा नसो. माझ्याकडून पैसे मिळणार नाहीत," असं बजावून मी विषय बंद केला. त्याने हुज्जत घातली नाही. नुसता गप्प झाला. पुढचे आठ दिवस आमच्याशी कामापुरतंच बोलत होता.

नंतर त्याच्या आईकडून कळलं की त्याने एक खेळ लिहिला होता, धाकट्या बहिणीसाठी. ती इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे. तिला 'एकोण' छळतात. एकोणसत्तर म्हटलं की ती ७९ लिहिते, एकोणऐंशीला ८९. पडद्यावर आकड्यांचे फुगे, कानावर मराठी आकडा, आणि हातातला रिमोट रोखून बरोबर फुगा फोडायचा. आईच्या लॅपटॉपवर खेळ चालत होता, पण रिमोट रोखायची मजा वीमध्येच.

उभ्या आयुष्यात एकाही मुलाची उत्तरपत्रिका न वाचता मी गुण दिले नाहीत. आणि इथे घरच्याच मुलाला न वाचता शून्य दिलं होतं. संध्याकाळी त्याला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "बाबा रे, चुकले. आता प्रयोगवहीत लिहितात तसं सांग. साहित्य काय, कृती काय. मग मी ठरवीन."

तर साहित्य. मला वाटलं होतं, काहीतरी महागडं यंत्र लागत असेल. यादी निघाली ती अशी. एक एसडी कार्ड, जुन्या कॅमेऱ्यात घालायचो तसलं. ते एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं हवं. ते भरायला कॉम्प्युटर. डबा अमेरिकेतला, तिकडच्या ११०-१२० व्होल्टवर चालणारा, म्हणून वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर. नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची भोकंच नाहीत, म्हणून एचडीएमआयचा छोटा अडॅप्टर. रिमोटसाठी दोन सेल. आणि टीव्हीपुढे ठेवायची सेन्सरची पट्टी. तिची वायर उंदराने कुरतडली होती. तेव्हा नातू म्हणाला, "आजी, देवघरातली दोन निरांजनं दे." मला वाटलं चेष्टा करतोय. पण ती पट्टी म्हणजे फक्त डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकणारे दिवे असतात, आणि तो प्रकाश ज्योतीतही असतो. टीव्हीपुढे वीतभर अंतरावर दोन निरांजनं ठेवली आणि पडद्यावरचा हात हलायला लागला! (मुलांना एकटं सोडून हा प्रयोग करू नये. मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते.)

कुलूप उघडायला यातलं एकच लागतं, ते एसडी कार्ड. बाकी सगळं डबा चालू करायलाच लागतं. इतर यंत्रांचं वेगळं आहे म्हणे. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्टला नुसती कोरी सीडी पुरायची. निन्टेंडो डीएसला आत मायक्रोएसडी बसणारं खास कार्ट्रिज लागे. २०१७ च्या स्विचच्या सुरुवातीच्या यंत्रांना एका खाचेतल्या पिना जोडणारा बारीकसा तुकडा आणि एक यूएसबी केबल लागते.

आता कृती. वीमध्ये निरोपांचा एक फळा आहे, तिथे घरातली माणसं एकमेकांना पत्रं लिहून ठेवू शकत. डब्याचा नेटवर्क क्रमांक आणि तो कुठल्या देशाचा आहे हे दिलं की त्यावरून एक खास पत्र तयार करून मिळतं. ते कार्डावर घालायचं. फळ्यावर लाल पाकीट दिसतं, वर बाँबचं चित्र. याचं नाव लेटरबाँब, २०११ सालचं. ते उघडताना डबा गडबडतो आणि कार्डावरचा आपला प्रोग्राम चालवू लागतो. आमचं पाकीट आधी दिसेचना. आतला नाण्याएवढा सेल संपून डब्याची तारीख मागे गेली होती. तारीख नीट लावली आणि पत्र आलं! टपालाची वाट पाहणाऱ्या पिढीतली मी, मला अगदी भरून आलं.

आत शिरल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल? खेळ नाही. डब्याच्या पाचशे बारा एमबी स्मृतीची पूर्ण प्रत कार्डावर काढून ठेवली. "काही बिघडलं तर परत आणता आलं पाहिजे," म्हणाला. हे ऐकलं आणि माझी निम्मी भीती तिथेच गेली. मोडतोड करायला निघालेलं पोर आधी प्रत काढत नाही.

हे कुलूप मुळात उघडलं कसं, याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. वीवर तिच्या आधीच्या गेमक्यूबचे खेळही चालत, पण तेव्हा प्रोग्रामला स्मृतीचा थोडाच भाग दिसे. काही हौशी मंडळींनी बोर्डावरचे बिंदू चक्क चिमट्याने जोडून उरलेला भाग वाचला, आणि त्यात कुलपाच्या किल्ल्या सापडल्या. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका संमेलनात त्यांनी आपला प्रोग्राम चालवून दाखवला. चिमट्याला इंग्रजीत ट्वीझर्स, म्हणून त्यांच्या गटाचं नाव टीम ट्वीझर्स. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी झेल्डाच्या एका खेळात घोडीचं नाव भलतंच लांब ठेवून दार उघडलं. नावासाठी ठेवलेली जागा संपली की उरलेली अक्षरं नको तिथे सांडतात, तीच ती फट.

आणि कंपनीची सही तपासणाऱ्या भागातली चूक तर माझ्या व्यवसायातली निघाली. दोन आकडे पूर्ण ताडून पाहायचे सोडून तो भाग शब्द ताडायची रीत वापरत होता, आणि त्या रीतीत शून्य आलं की शब्द संपला असं समजतात. म्हणजे दोन्हींच्या सुरुवातीला शून्य असलं की तपासनीस पुढे वाचायचाच नाही, 'बरोबर' म्हणून मोकळा! पुढे कंपनीने ती चूक दुरुस्त केली. पण शून्य दिसल्यावर पुढे न वाचणारा परीक्षक मी नुकताच आरशात पाहिला होता.

आता मूळ मुद्दा. ही चोरी आहे का?

सेन्सरची पट्टी शोधायला आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "आजी, पट्टी कशाला? हार्डडिस्क लावून देतो, पाचशे गेम भरून. एकही विकत घ्यायला नको." मी तिथून बाहेर पडले. ही चोरी आहे, यात मला शंका नाही. गाइडं झेरॉक्स करून विकणाऱ्यांनी लेखक-प्रकाशकांचं काय केलं ते मी पाहिलं आहे. खेळ लिहिणाराही लेखकच. कंपन्यांची भीती खोटी नाही. नातू ज्या दाराने आत गेला त्याच दाराने हा दुकानदारही जातो.

पण पानं फाडणारी चार मुलं निघाली म्हणून वाचनालयाला कुलूप लावत नाहीत. गुन्हा पानं फाडण्यात असतो, आत शिरण्यात नव्हे. आपल्या कायद्यानेही हा फरक पाहिला आहे असं मला वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ घातलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं त्यात आहे. 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. मी वकील नाही, पण शिक्षिका म्हणून मुलाचा हेतू ओळखण्यातच माझी हयात गेली. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून कडक आहे. २०२२ मध्ये तिथे स्विचची कुलपं उघडणारी उपकरणं विकणाऱ्या गटातल्या एकाला ४० महिन्यांची शिक्षा झाली.

कंपन्यांना दुसरा मार्गच नव्हता असंही नाही. सोनीने १९९७ मध्ये नेट यारोझे नावाचं काळं प्लेस्टेशन हौशी लोकांनाच प्रोग्राम लिहायला विकलं होतं. मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून साध्या एक्सबॉक्स वनवर आपलं लिखाण चालवायची सोय दिली. उलटही झालं. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चालवायची सोय सोनीने आधी दिली आणि एप्रिल २०१० मध्ये काढून घेतली. ज्यांनी त्या सोयीसाठी पैसे मोजले होते त्यांनी काय करायचं?

वीचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं. कंपनी आता या डब्यासाठी नवं काही करत नाही, विकत नाही. दुकान बंद केलं, ठीक. पण जाताना किल्ली तरी मालकाच्या हाती द्यावी की नाही? भाडेकरूसुद्धा जागा सोडताना किल्ली देऊन जातो. माझं मत एवढंच आहे. यंत्र विकणाऱ्याने त्याची देखभाल थांबवली की ज्याने पैसे मोजले त्याला ते उघडायचा सरळ मार्ग द्यावा. बाँबचं चित्र असलेलं पाकीट उघडायची पाळी चौदा वर्षांच्या मुलावर येऊ नये. शिवाय, कामापुरते चांगले असलेले डबे कचऱ्यात जातात ते वेगळंच.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर नातवंडाचं कौतुक केलं म्हणाल. वीवरचे बहुतेक होमब्रू ज्या लायब्ररीवर उभे आहेत, तिच्यात दुसऱ्या एका प्रकल्पाचा कोड श्रेय न देता घेतल्याचा आरोप एप्रिल २०२५ मध्ये झाला. ज्यातून हे सगळे प्रोग्राम सुरू होतात त्या होमब्रू चॅनेलच्या कर्त्यांपैकी एकाने त्यावरून आपलं काम थांबवून कपाटबंद केलं. नातवाच्या खेळातही तीच लायब्ररी आहे. हे त्यानेच मला सांगितलं, मान खाली घालून. मी म्हटलं, "कॉपी कोणी केली ते आपण ठरवू शकत नाही. आपण कोणाकोणाचं घेतलं ते तर लिहू शकतो ना?" तेव्हा त्याच्या खेळाच्या शेवटच्या पडद्यावर आता यादी येते, लायब्ररीचं नाव आणि वादातल्या त्या मूळ प्रकल्पाचंही.

आणि आवाज? आकडे म्हणणारा आवाज माझा आहे. "एकोणसत्तर" मी अकरा वेळा म्हटलं तेव्हा एकदा पसंत पडलं. छोटी आता पाचातले चार फुगे बरोबर फोडते. एकोणनव्वदला अजून अडते. असो, मीही लहानपणी अडायचे.

एसडी कार्डाच्या कडेला एक इवलीशी खिट्टी असते, तुम्ही पाहिली असेल. खाली ओढली की कार्ड बंद, वर ढकलली की उघडं. तेही कुलूपच. पण ते मालकाच्या नखाने उघडतं. कार्ड आणायला पैसे मागितले तेव्हाच हे पोराने मला दाखवायला हवं होतं.

नाही, तसं नाही. तेव्हाच मी विचारायला हवं होतं.