देवमासा दिसत नाही, म्हणून नाही?

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत अडकले. बरीच धावपळ झाली, पिल्लाला समुद्रात नेऊन सोडलेही, पण ते वाचले नाही. कोकणातून देवमाशाची बातमी येते ती बहुधा अशीच, तो किनाऱ्याला लागल्यावर. जिवंत देवमासे कधी येतात, कुठून जातात, याची माहिती त्या मानाने तुटपुंजी.

ती डोळ्यांनी मिळणे अवघडच. पाण्यात नजर लांब पोचत नाही. आवाज मात्र सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, आणि खर्जातला असेल तर दूरवर. हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, रेकॉर्डरसह तळाशी ठेवला की महिनोन्महिने ऐकत राहतो. रात्रीही, आणि होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात त्या भर पावसाळ्यातही.

लक्षद्वीपच्या समुद्रात दिव्या पणिक्कर आणि कॅथलीन स्टॅफर्ड यांनी हेच केले. निळ्या देवमाशाचे गाणे तिथे नोंदवले गेले आणि २०२१ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. गाण्याचा भर होता एप्रिल-मे महिन्यांत. कुणी डिसेंबरात चार दिवस होडी फिरवून 'देवमासे आढळले नाहीत' असा शेरा मारला असता, तर कागदावर तो खोटा ठरला नसता!

म्हणूनच बंदर, समुद्रातले खोदकाम किंवा तेलाचा शोध यांना परवानगी देण्याआधी किमान वर्षभराचे ध्वनिमुद्रण सक्तीचे हवे. हायड्रोफोन सगळे सांगतो असे नाही. हम्पबॅक देवमाशांत गातो तो नर, माद्या आणि पिल्ले त्या गाण्यात मोजली जात नाहीत. गप्प असलेला प्राणी तर ऐकूच येत नाही. त्यामुळे होडीवरची पाहणी थांबवून चालणार नाही. पण नुसत्या पाहणीवर विसंबणे त्याहून वाईट.

सुरक्षेचा मुद्दा निघेल, आणि तो गैर नाही. हायड्रोफोनला पाणबुडीही ऐकू येते. मात्र हिंदी महासागरातच त्यावर उत्तर सापडले आहे. अणुचाचण्या पकडण्यासाठी बसवलेल्या हायड्रोफोनच्या नोंदी शास्त्रज्ञांना मिळाल्या आणि २०२१ मध्ये त्यातून छागोस बेटांजवळच्या निळ्या देवमाशांचा एक वेगळाच गट उजेडात आला. संवेदनशील भाग गाळून नोंदी देता येतात.

खरी घाई आहे ती गोंगाटामुळे. मोठ्या जहाजांचा घुमणारा आवाज नेमका देवमाशांच्याच पट्टीतला. सप्टेंबर २००१ मधल्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची ये-जा एकदम घटली, पाण्यातला गोंगाट ६ डेसिबलने उतरला. तिथे राइट व्हेल या देवमाशांची विष्ठा गोळा करण्याचे काम आधीपासून चालू होते (पुढे त्यासाठी वास काढणारी कुत्रीही होडीवर नेऊ लागले). तपासणीत ताणाशी संबंधित संप्रेरकांचे प्रमाण त्या काळात कमी आढळले. ही तुलना जमली, कारण शांततेच्या आधीच्या नोंदी हाताशी होत्या.

वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. मोठी जहाजे तिथे येऊ लागण्याआधीचा समुद्र कसा ऐकू येत होता, तिथले डॉल्फिन काय बोलत होते, हे नोंदवायला अजून काही वर्षे आहेत. जहाजे सुरू झाल्यावर ते मुद्रण कितीही पैसे टाकून करता येणार नाही.