शल्यकर्मातील सुरक्षासूची : खूण नव्हे, उच्चार

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शल्यकर्मासाठी १९ मुद्द्यांची सुरक्षासूची प्रसिद्ध केली. संज्ञाहरणापूर्वी, छेदापूर्वी व रुग्णास शल्यगृहाबाहेर नेण्यापूर्वी असे तिचे तीन टप्पे आहेत. सुश्रुतोक्त त्रिविध कर्म आणि अग्रोपहरणीय अध्यायातील साहित्याची यादी अभ्यासलेल्या वैद्यास ही कल्पना परकी वाटू नये.

या सूचीविषयी कर्मचाऱ्यांचे मत एकसारखे राहत नाही. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती प्रथम वापरली गेली, तेव्हा शल्यकर्मोत्तर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. तेथील सुमारे २० टक्के कर्मचाऱ्यांना तीत फार वेळ जातो असे वाटले. मात्र स्वतःवर शस्त्रकर्म होणार असल्यास ती वापरावी, असे ९३ टक्क्यांनी सांगितले. पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात तिच्या वापराची नोंद बंधनकारक झाली. तेथील १०१ रुग्णालयांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. कालांतराने कागदावर खुणा उरतात आणि संवाद संपतो, असा याचा अर्थ मी लावतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत या सूचीत एका प्रश्नाची भर अत्यावश्यक आहे : सिकलसेलची तपासणी झाली काय? स्थानिक गरजेनुसार भर घालण्याची मुभा मूळ सूचीतच आहे. हा विकार आपल्या भागात मोठ्या प्रमाणावर आढळतो. जलन्यूनता, थंडी व प्राणवायूची कमतरता यांमुळे अशा रुग्णास तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. भामरागड वा सिरोंच्याहून दूरचा प्रवास करून आलेल्या आणि शस्त्रकर्मासाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाबाबत हा धोका विशेष संभवतो.

माडिया वा गोंडी बोलणाऱ्या रुग्णास नाव, व्याधीचे स्थान व औषधाची ॲलर्जी त्याच्याच भाषेत विचारावी. हे कार्य स्थानिक परिचारिका उत्तम करते. तिने ‘थांबा’ म्हटल्यास वैद्याने थांबलेच पाहिजे. औषधालयचालकांनीही क्षारसूत्राचा बॅच क्रमांक व मुदत पाहूनच पुरवठा करावा.

२०२० च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ५८ शस्त्रकर्मे नमूद केली. अधिकारासमवेत उत्तरदायित्वही येते. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने दर तीन महिन्यांनी परिचारिका व मदतनिसांना एकत्र बसवून, सूचीतील कोणता प्रश्न हल्ली मोठ्याने विचारला जात नाही, हे विचारावे. सूची जिवंत आहे की नाही, ते त्यांच्या उत्तरांतूनच कळेल.