राजीनामा कोणी लिहिला?

शहाणा संस्थाचालक शिक्षकाला बडतर्फ करीत नाही. बडतर्फीसाठी आरोपपत्र लागते, चौकशी समिती लागते, पुढे शिक्षणाधिकाऱ्यास उत्तर द्यावे लागते. राजीनाम्याला एक कागद पुरतो. म्हणून नोकरी काढून घेण्याऐवजी नोकरी करणेच अशक्य करून सोडायचे, ही रीत खाजगी शाळांच्या साम्राज्यात रूढ झाली आहे. एके दिवशी हजेरीपट समोर येत नाही. वेळापत्रकातले तास नाहीसे होतात. विज्ञानाच्या पदवीधराला दाखल्यांच्या नकला करीत कार्यालयात बसविले जाते. पगारबिल ‘चुकून’ अडते. सेवापुस्तक कपाटात आणि कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात. अशा दोन-तीन महिन्यांनंतर संस्थेचा कोणी हितचिंतक संध्याकाळी घरी येतो आणि म्हणतो, ‘‘सर, कशाला मनस्ताप करून घेता? राजीनामा देऊन मोकळे व्हा. दाखला चांगला देऊ.’’

या राजीनाम्याखाली सही शिक्षकाची असते. तो लिहिलेला असतो संस्थेने.

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढ्यासारख्या गावात या हितचिंतकाला नकार देणे म्हणजे काय, याची कल्पना मुंबई-पुण्याच्या वकिलाला येणार नाही. शहरात नोकरी सोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने जातो. गावात दुसरा रस्ता नसतो. शाळेच्या संचालक मंडळावर बसलेला माणूस किंवा त्याचा भाऊ पतसंस्थेत असतो, सोसायटीत असतो, बाजार समितीच्या निवडणुकीत असतो. शिक्षकाच्या घरबांधणीचे कर्ज, भावाचे पीककर्ज, मुलीचे लग्न या साऱ्यांची सूत्रे त्याच चार-पाच घरांतून जातात. त्यामुळे दावा लावावा की न लावावा हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातून सुटत नाही. पण पुस्तक न उघडताच तो सोडविला जातो, ही त्याहून मोठी शोकांतिका आहे.

महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याच्या ७ व्या कलमाकडे कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे. राजीनामा देऊ इच्छिणाऱ्याने पत्र दोन प्रतींत लिहावे, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर टपालाने पाठवावी व दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असे हे कलम सांगते. एरवी माणसाने नोकरी कशी सोडावी याची इतकी बारकाईने चिंता कायदा कशाला करील? नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सह्या घ्यायच्या, तारखेची जागा मोकळी ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा ती भरायची, या उद्योगाला आळा घालणे हा अशा तरतुदीचा उघड उपयोग आहे. २०२५ साली टपाल खात्याने देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन केले. पोचपावती मात्र आजही मिळते, आणि ज्या राजीनाम्याची टपालपावती नाही त्याच्याविषयी पहिला प्रश्न संस्थेलाच विचारला गेला पाहिजे.

इंग्लंडच्या कायद्यात या प्रकाराला स्वतंत्र स्थान आहे. मालकानेच कराराचा गाभा मोडला आणि म्हणून कामगार सोडून गेला, तर ते सोडून जाणे बडतर्फीच मानले जाते. परंतु तेथेही हा मार्ग रुंद नाही. १९७७ साली लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयासमोर आलेल्या खटल्यातील कामगाराने परवानगीशिवाय पत्ते खेळायला सुट्टी घेतली होती. त्यासाठी त्याला पाच दिवस बिनपगारी निलंबित केले. पैशांची चणचण भासली तेव्हा त्याने साठलेल्या रजेचा पगार आगाऊ मागितला, मग कर्ज मागितले. दोन्ही नाकारले गेल्यावर तो पगार हाती यावा म्हणून त्याने नोकरी सोडली. तो हरला. मालक निष्ठुर आहे एवढे पुरत नाही, त्याने करारच मोडला पाहिजे, असा निवाडा झाला.

आपल्याकडील कोणी सुशिक्षित सल्लागार हा विलायती नमुना पाहून शिक्षकाला सांगेल, ‘आधी बाहेर पडा, मग भांडू.’ हा सल्ला घातक आहे. इंग्लंडात बाहेर पडल्यावाचून हा दावा उभा राहत नाही. येथे बाहेर पडणे हाच दाव्यावरचा पहिला घाव ठरतो. राजीनामा दबावाखाली दिला हे सिद्ध करण्याचा भार तो देणाऱ्यावर पडतो, आणि दबावाचा साक्षीदार म्हणून उभा राहणारा सहकारी त्याच संस्थेचा पगार घेत असतो. सामान्य कामगार कायद्याची दारेही शिक्षकाला बंद आहेत. शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे, असे गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच ठरवून टाकले. उरते ते शाळा न्यायाधिकरण. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनतीविरुद्ध तेथे अपील करण्याची मुदत फक्त ३० दिवसांची आहे. बुलढाणा जिल्ह्याचे न्यायाधिकरण अमरावतीला बसते. प्रत्येक तारखेला मलकापूर गाठायचे, तेथून गाडी पकडायची, वकिलाची फी द्यायची आणि पुढची तारीख घेऊन परतायचे.

आता न सोडणाऱ्याचे उदाहरण पाहावे. औरंगाबादेतील एका प्राथमिक शाळेला महापालिकेचा मालमत्ता कर आला. तो भागविण्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याने पगारातून दरमहा १,५०० रुपये द्यावेत असा हुकूम निघाला. एका शिक्षिकेने तो मानला नाही. तिच्यावर २५ ज्ञापने बजावली गेली, आणि तिने त्यांना उत्तरे दिली. २००६ साली तिला निलंबित केले, २००७ साली सेवेतून काढले. न्यायाधिकरणाने २००९ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, उच्च न्यायालयाने मागील पगार नाकारला, आणि १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ण पगार तिला परत दिला. सात वर्षे लागली. पण पंचविसावे ज्ञापन हातात पडले त्या दिवशी तिने राजीनामा लिहून दिला असता, तर ही पंचवीस ज्ञापने छळाचा पुरावा म्हणून कोणी वाचली असती काय?

राजीनाम्याची किंमतही हिशेबात धरली पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमल्या गेलेल्या अनुदानित शाळेतील शिक्षकाला निवृत्तिवेतन नियमांतील ४६ वा नियम लागतो, आणि राजीनाम्याने मागील सेवा बुडते असे तो नियम सांगतो. वीस-पंचवीस वर्षांची सेवा एका संध्याकाळच्या सहीने जाते! दुसऱ्या बाजूने, जिंकलेल्या शिक्षकाला न्यायाधिकरण पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम देईलच असेही नाही. तसा हुकूम न दिल्यास दहा वर्षांहून कमी सेवेला सहा महिन्यांचा आणि दहा किंवा अधिक वर्षांच्या सेवेला बारा महिन्यांचा पगार एवढी भरपाई कायद्याने आखून दिली आहे. शिक्षणसेवकाचा किंवा परिविक्षेवरील माणसाचा दावा तर मुळातच अशक्त असतो. दुसऱ्या शाळेत नेमणूक हाती असलेल्या तरुणाने अमरावतीच्या फेऱ्या नाकारल्या तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्यांच्या घरची चूल दुसऱ्याच्या लढाईवर पेटत नाही, त्यांनी लढाईची भाषा जपून वापरावी.

म्हणून निर्णयाची वेळ राजीनाम्यानंतरची नाही, आधीची आहे. हजेरीपट नाकारला त्याच दिवशी ‘मी कामावर हजर आहे’ असे पत्र मुख्याध्यापकाला टपालाने जावे, प्रत बुलढाण्यास शिक्षणाधिकाऱ्याकडे जावी, आणि असे प्रत्येक दिवशी घडावे. कागद आधीच लिहून घेतला गेला असेल तर तो अमलात येण्यापूर्वी मागे घ्यावा. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने पुढील तारखेपासूनचा राजीनामा दिला आणि ती तारीख उजाडण्यापूर्वी परत घेतला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. न्यायमूर्तींना लाभलेली ही मुभा खेड्यातील मास्तराला कोणी सांगितलेली नाही.

ती सांगण्याचे काम कोणाचे? शिक्षक संघटनांचे. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, त्यात शिक्षक हजारोंनी उतरले, आणि ते योग्यच होते. परंतु त्याच संघटनेचा तालुका पदाधिकारी एकट्या शिक्षकाचा हजेरीपट अडविला गेला की ‘हा संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे’ असे म्हणून अध्यक्षांच्या घरी चहाला जातो. वेतन आयोगाचा प्रश्न सर्वांचा आणि राजीनाम्याचा प्रश्न एकट्याचा, ही विभागणी संस्थाचालकाला फार सोयीची आहे. २०२५ साली पुण्याच्या संगणक उद्योगातील कर्मचाऱ्यांनीही राजीनामे जबरदस्तीने घेतले जात असल्याच्या तक्रारी कामगार खात्याकडे नेल्या. मोठ्या पगाराच्या त्या तरुणांनाही एका खोलीत, एकेकटे गाठले गेले, हेच त्यांचे म्हणणे होते.

धामणगाव बढे, मोताळा, मलकापूर या टापूतील शिक्षक सभासदांनी दरमहा थोडी रक्कम बाजूला काढून दाव्यांचा निधी उभा करावा. त्यातून अमरावतीचा प्रवास, वकिलाची फी आणि पगार अडलेल्या घराचा किराणा भागावा. राजीनामा मागितला गेल्याचे कळताच दोन सभासदांनी त्या घरी जावे, हितचिंतक तेथे बसलेला असला तरी. आणि दावा न लावण्याचे ठरले तर तेही त्या चौघांच्या बैठकीत, सेवेची वर्षे, निवृत्तिवेतन आणि हाती असलेले कागद समोर ठेवून ठरावे. अपिलाचे तीस दिवस संघटनेच्या पुढच्या मासिक सभेची वाट पाहत नाहीत.