दातांवरचा पहारा आणि ज्ञानाला कुंपण

वाकडे दात सरळ करण्यासाठी मुलांच्या तोंडात काढघाल करता येणारी प्लेट किंवा पारदर्शक साचा बसवला जातो. तो दिवसाचे ठरावीक तास तोंडात राहिला तरच दात हलतात. डॉक्टर विचारतात, 'किती वेळ घातलीस?' मूल सांगते, 'सांगितली होती तेवढा वेळ.' हे उत्तर पुष्कळदा खरे नसते, हे जगभरातील दंतवैद्यांना ठाऊक आहे. म्हणून प्लेटच्या प्लास्टिकमध्येच एक चिमुकला सेन्सर दडवण्याची युक्ती निघाली. तोंडातील उष्णता साधारण ३५ अंश सेल्सियस असते, टेबलाच्या खणातील त्याहून कमी. ठरावीक मिनिटांनी उष्णतेची नोंद होत राहते आणि प्लेट तोंडात होती की खणात, हे नोंदवहीच सांगते.

येथवर आक्षेप घेण्याजोगे काही नाही. आक्षेपाची जागा पुढे येते. या साध्या युक्तीभोवती पेटंटांचे कुंपण घालण्याची धडपड गेली काही वर्षे, मुख्यतः अमेरिकेत, चालू आहे. 'तोंडात बसवलेले उपकरण, त्यात सेन्सर, सेन्सरची नोंद ठेवणारी स्मृती, ती नोंद बाहेर पाठवणारा प्रक्षेपक' अशा ऐसपैस शब्दांत दावे मांडायचे, आणि ते मंजूर झाले की अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे पुरी होईपर्यंत त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाकडून पट्टी वसूल करायची, असा हा व्यवहार आहे.

एखादा कार्यकर्ता विचारील की, ज्या देशात बहुसंख्यांचा दंतोपचार दुखरा दात उपटण्यापाशीच संपतो, तेथे सुखवस्तू घरांतील मुलांच्या दंतपंक्तीची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी? प्रश्न रास्त आहे. परंतु मुद्दा दातांचा नाही. सार्वजनिक ज्ञानातून खासगी मक्तेदारी कोणाच्या सहीने निर्माण होते आणि ती सही होण्यापूर्वी सामान्य नागरिकाला तोंड उघडता येते की नाही, हा आहे. कर्करोगाच्या आणि क्षयाच्या औषधांबाबत हाच प्रश्न जीवनमरणाचा ठरला. दातांच्या प्लेटचे उदाहरण इतके साधे आहे की त्यात लबाडीला तांत्रिक शब्दांच्या धुक्यात दडता येत नाही, म्हणूनच ते उपयोगी आहे.

पेटंटचा करार समाजाने मान्य केला तो एका अटीवर. संशोधकाने नवे काही द्यावे, ते उघड करावे आणि त्या मोबदल्यात मर्यादित काळाची मक्तेदारी घ्यावी. जे आधीच सर्वांना ठाऊक आहे, किंवा त्या विषयातील सामान्य कारागिराला सहज सुचेल, त्याबद्दल मक्तेदारी देणे म्हणजे गावच्या विहिरीला कुलूप लावून किल्ली एकाच्या हाती देणे होय.

आता या युक्तीचे वय पाहावे. डोक्याभोवती पट्टा बांधून दाढांवर ओढ देणाऱ्या, हेडगिअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकरणात वापराचे तास मोजणारे घड्याळ बसवल्याचे वर्णन अमेरिकेतील दंतवैद्यांच्या नियतकालिकात १९७४ मध्ये छापून आले. तोंडात बसणाऱ्या उपकरणाच्या वापराची नोंद सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक साधनांनी घेण्याचा प्रयोग जर्मन संशोधकांनी १९९० मध्ये युरोपच्या नियतकालिकातून जगापुढे ठेवला. अलाइन टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने २००८ मध्ये किशोरवयीनांसाठी काढलेल्या साच्यांवर वापराबरोबर फिका पडत जाणारा निळा ठिपका ठेवला. २०१० च्या सुमारास उष्णता मोजणारे दोन वेगवेगळे सेन्सर बाजारात होते आणि विद्यापीठांतील संशोधक त्यांची तुलना करीत होते. म्हणजे कल्पना जुनी, घड्याळ जुने, तापमापकही जुना. त्यानंतर जो कोणी 'तोंडातील उपकरणात सेन्सर' एवढ्यावरच हक्क सांगतो, त्याने समाजाला नवे काय दिले?

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या क्षेत्रात खरे कौशल्य आहे. लाळेत महिनोन्‌महिने बुडालेला विद्युत्‌भाग कोरडा ठेवणे, मुलाच्या तोंडाला अपाय होणार नाही अशा वेष्टनात तो बसवणे, अगदी थोड्या विजेवर तो चालवणे ही कामे सोपी नाहीत. ज्याने यातील एखादी अडचण नव्या रीतीने सोडवली, त्याने त्या रीतीपुरता हक्क मागितला तर तक्रार नाही. तक्रार आहे ती अडचण एक सोडवून साऱ्या क्षेत्रावर मालकी सांगण्याबद्दल. खिळा ठोकण्याची नवी तऱ्हा शोधणाऱ्याने साऱ्या सुतारकामाचा सातबारा आपल्या नावावर मागावा, तशी ही मागणी आहे.

अशा दाव्यांना अडवण्यासाठीच पेटंट परीक्षक नेमलेले असतात. अमेरिकेत १८३६ च्या कायद्याने ही तपासणीची पद्धत रूढ झाली. पण परीक्षकाला वेळ किती मिळतो? मायकेल फ्रेक्स आणि मेलिसा वॉसरमन या अभ्यासकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार एका अर्जामागे सरासरी सुमारे एकोणीस तास. तेवढ्यात अर्ज वाचायचा, जगातील जुने वाङ्‌मय धुंडाळायचे आणि वकिलांच्या युक्तिवादांना उत्तरेही लिहायची. त्याच अभ्यासात असेही आढळले की परीक्षकाची बढती होऊन दर अर्जामागील वेळ घटला की मंजुरीचे प्रमाण वाढते. तेथे 'अंतिम नकार' नावाचा कागद मिळतो, पण तो अंतिम नसतो. पुन्हा शुल्क भरून अर्जदार त्याच दारात उभा राहू शकतो. नकार देणारा थकतो, मागणारा थकत नाही, कारण त्याच्या मागे भांडवल आहे.

याहून गंभीर बाब अर्थव्यवहाराची आहे. अमेरिकेचे पेटंट कार्यालय १९९० च्या दशकाच्या आरंभापासून शुल्काच्या उत्पन्नावर चालते, आणि त्या उत्पन्नाचा मोठा भाग मंजूर पेटंटे जिवंत ठेवण्यासाठी मालक जे पुढील हप्ते भरतात त्यांतून येतो. मंजुरी नाही, तर हप्ता नाही. ज्या पंचाचे वेतन फलंदाजाच्या धावांवर अवलंबून आहे, तो बोट किती वेळा वर करील? परीक्षक व्यक्तिशः प्रामाणिक असतात, यात शंका नाही. प्रश्न व्यक्तीचा नसून रचनेचा आहे.

ज्ञान जुने असूनही दावा का तरतो, हे अशा रचनेतून कळते. वास्तविक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००७ रोजी केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात नेमक्या याच धर्तीचा दावा फेटाळला होता. मोटारीचे मागेपुढे सरकणारे पेडल जुने, इलेक्ट्रॉनिक सेन्सर जुना. एकावर दुसरा बसवणे त्या धंद्यातील कोणालाही सुचले असते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पेडलच्या जागी प्लेट ठेवली की दातांचा प्रश्न सुटतो. परंतु निर्णय ग्रंथात असणे आणि एकोणीस तासांत तो नेमका लागू होणे यांत फार अंतर आहे. अमेरिकेत २०१२ पासून कोणाही त्रयस्थाला प्रलंबित अर्जावर जुने कागद पाठवता येतात, पण ठरावीक मुदतीत. आणि कागद पाठवल्यावर त्याची भूमिका संपते, त्याला सुनावणी नाही. पेटंट मंजूर झाल्यानंतर कार्यालयापुढेच दोन्ही पक्षांच्या सुनावणीसह त्याचा फेरविचार मागायचा तर शुल्कच चाळीस हजार डॉलरांहून अधिक होते, वकील वेगळे. दाराबाहेर उभे राहून चिठ्ठी आत सरकवणे फुकट आणि दार ठोठावणे श्रीमंतांचे, अशी ही लोकशाही आहे.

या मक्तेदारीचे मोल केवळ पैशात मोजून भागणार नाही. वापर मोजणारे यंत्र ज्याच्या मालकीचे, रुग्णाच्या वर्तनाची नोंदवहीही त्याच्याच हाती जाण्याचा धोका असतो. झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांसाठीच्या हवेच्या यंत्रांबाबत अमेरिकेत काय घडले ते पाहावे. तेथील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेचा नियम असा की, पहिल्या तीन महिन्यांतील सलग ३० दिवसांपैकी किमान ७० टक्के रात्री यंत्र चार तास चालल्याची नोंद हवी. नाहीतर पुढचा खर्च मिळणे अडते. ज्या यंत्राने रुग्णाला श्वास द्यावयाचा, तेच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. उद्या मुलांच्या दातांच्या उपचाराचे पैसे असेच तासांवर तोलले गेले आणि तास मोजण्याचा हक्क एकाच कंपनीकडे असला, तर पालकांनी दाद कोणाकडे मागावी? अशा साधनाचे अनेक उत्पादक असावेत, त्याची रचना खुली असावी आणि नोंद रुग्णाच्या ताब्यात राहावी, ही मागणी म्हणूनच पेटंटच्या प्रश्नाशी जोडलेली आहे.

आणि येथे भारताचा संबंध येतो. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर उभा राहिलेला १९७० चा पेटंट कायदा हे स्वतंत्र भारताच्या आर्थिक स्वावलंबनाचे एक मोठे पाऊल होते. २००५ च्या दुरुस्तीने त्याचे दात पुष्कळसे काढले गेले, तरी काही शाबूत राहिले. कलम ३ च्या (फ) म्हणजे इंग्रजी सहाव्या उपकलमानुसार, आपापल्या ज्ञात रीतीने स्वतंत्रपणे चालणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी हा शोध मानला जात नाही. घड्याळ आणि तापमापक प्लेटमध्ये शेजारी बसवणाऱ्याला यापरते स्पष्ट उत्तर कोणते हवे? मानवी शरीरावरील उपचाराची व निदानाची पद्धत आणि नुसता संगणकीय कार्यक्रम यांनाही त्याच कलमाने पेटंट नाकारले आहे. भांडी खरादीवर धरण्याच्या एका युक्तीच्या खटल्यात, विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितले की कारखान्यातील किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे.

त्याहून मोलाचे आहे कलम २५ चे पहिले उपकलम. मंजुरीपूर्वी कोणाही व्यक्तीला अर्जास विरोध करण्याचा आणि सुनावणी मागण्याचा अधिकार ते देते. या अधिकाराचा इतिहास मुंबईकरांना अभिमान वाटावा असा आहे. नोव्हार्टिसच्या ग्लिवेक या रक्तकर्करोगावरील औषधाच्या अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला. २००६ मध्ये चेन्नईच्या कार्यालयाने अर्ज नाकारला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाची मक्तेदारी लांबवू पाहणारा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला. विरोध करणाऱ्यांत मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले या स्वतः क्षयातून वाचलेल्या दोन तरुणी होत्या. ज्यांनी आजार भोगला त्यांनी परीक्षकाला शिकवले, असा हा प्रसंग आहे.

हा अधिकार २०२४ मध्ये बोथट करण्यात आला. १५ मार्च २०२४ च्या नियमांनी पूर्वी निःशुल्क असलेल्या या विरोधाला शुल्क लावले आणि विरोध दाखल करून घेण्याजोगा आहे की नाही, हे आधी नियंत्रकाने ठरवावे अशी चाळणी बसवली. पेटंट देशात प्रत्यक्ष वापरले जाते की नुसते अडवून ठेवले आहे, याचे विवरण दर वर्षी द्यावे लागे, ते तीन वर्षांतून एकदा दिले तरी चालेल असे ठरवले. स्वित्झर्लंड ज्याचा सदस्य आहे त्या एफ्टा गटाशी व्यापार करार झाला १० मार्चला, नियम आले १५ मार्चला. औषधांच्या बड्या कंपन्यांचे माहेर कोणते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या पाच दिवसांचा अर्थ लावण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही.

सरकार म्हणते, विरोधामुळे मंजुरीला उशीर होतो. चुकीचे पेटंट उशिरा मिळाले तर नुकसान कोणाचे? आणि ते वीस वर्षे चालले तर कोणाचे? फ्रिट्झ मॅक्लप या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसाठी केलेल्या अभ्यासात असा निष्कर्ष काढला होता की, पेटंट पद्धती नसती तर ती सुरू करा असे सांगण्याइतका आर्थिक पुरावा उपलब्ध नाही. ज्या पद्धतीच्या लाभाबद्दल तिचे अभ्यासकच इतके साशंक, तिच्या दारावरचा पहारेकरी घाईच्या नावाखाली हटवणे हा निव्वळ धनिकांचा सोयीस्कर युक्तिवाद आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मंजुरीपूर्व विरोधावरील शुल्क आणि चाळणी रद्द करावी. वापराचे विवरण पुन्हा वार्षिक करावे. परीक्षकांची संख्या आणि दर अर्जामागील वेळ वाढवावा. रुग्णावर नजर ठेवणाऱ्या प्रत्येक उपकरणाच्या नोंदीवर पहिला हक्क रुग्णाचा राहील, असा नियम करावा. परंतु केवळ मागण्यांनी भागणार नाही. भारतीय पेटंट कार्यालयात प्रसिद्ध झालेले अर्ज कोणालाही विनामूल्य पाहता येतात. मुंबई आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांतील अध्यापकांच्या कपाटांत १९७४ पासूनची नियतकालिके असतील, तर तीच या लढ्यातील शस्त्रे आहेत. डॉक्टर, ग्रंथपाल, विधी महाविद्यालयातील विद्यार्थी आणि पक्षाचे कार्यकर्ते यांनी प्रत्येक जिल्ह्यात चार-पाच जणांचे अभ्यासमंडळ काढून दरमहा एक अर्ज वाचावा, जुने ज्ञान शोधावे आणि मुदतीत विरोध दाखल करावा. अय्यंगारांच्या अहवालाने जो कायदा घडवला, तो राखण्याचे काम तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही.