शनवार तेल्यांचं दप्तर

ज्यू म्हटलं की आपल्याला हिटलर आठवतो, नाहीतर आइन्स्टाईन. फार तर इस्रायलचं ठिबक सिंचन, कारण आपला भाग दुष्काळी! पण पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे केहिमकर हेही ज्यूच. ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा आठवतो का? त्या नटाचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे मूळ गाव चौल.

या समाजाला ‘बेने इस्राएल’ म्हणतात. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. ते नेमकं कधी, यावर अभ्यासकांची भांडणं चालू आहेत. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. आपल्याकडे अशी नावं पटकन पडतात.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मोझेस आणि जोसेफच्या गोष्टी मला इंग्रजीतून पाठ आहेत. पण 1880 च्या सुमारास या लोकांनी बायबलमधल्या त्याच कथांवर मराठीत कीर्तनं उभी केली होती! त्याआधी 1874 मध्ये पुण्यात त्यांच्या वल्हांडणाच्या सणाचं पुस्तक छापलं गेलं, हिब्रू आणि मराठीत. त्यातल्या चित्रांत नऊवारी नेसलेल्या बायका सणाची बिनखमिराची भाकरी करताना दिसतात. हे पाहिल्यावर ‘परका समाज’ हा शब्द माझ्या तोंडून निघणं शक्यच नाही.

आता मुद्द्यावर येते. हाईम सॅम्युएल केहिमकर या गृहस्थांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहायला घेतला. नुसतं लेखन नाही, समाजाच्या मुलांसाठी 1875 मध्ये मुंबईत शाळा काढण्यातही ते पुढे होते. गावोगावच्या आठवणी, चालीरीती, आडनावं, सण असं सगळं गोळा करून 1897 मध्ये त्यांचं पुस्तक लिहून झालं. छापलं कधी गेलं? 1937 मध्ये, आणि तेही तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षं ते हस्तलिखित छपाईशिवाय राहिलं. तोवर केहिमकर हयात नव्हते. आपल्याकडे चाळीस वर्षांत वाळवी काय काय खाते ते घरी विचारून बघा. पुस्तक वाचलं हे नशीब, आणि मला नशिबावर चालणारी सिस्टिम पटत नाही. बॅकअप नाही म्हणजे डिझाईनच चुकलं.

कुणी म्हणेल, जुने कागद ठेवून काय करायचंय? त्याचं उत्तर 1962 मध्ये मिळालं. तोवर हजारो बेने इस्राएल कोकण-मुंबई सोडून इस्रायलला गेले होते. तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्या वर्षी फर्मान काढलं की यांचं लग्न लावण्यापूर्वी आई, आजी, पणजी अशी जितकी मागे जाता येईल तितकी वंशाची चौकशी करा. म्हणजे इथे शतकानुशतकं शनिवार पाळला, सुंता केली, आणि आपल्या माणसांत गेल्यावर ‘तुम्ही खरे ज्यू कशावरून?’ हा प्रश्न. लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरलं. शेवटी ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने जाहीर केलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. अशा वेळी सिनेगॉगच्या लग्नाच्या नोंदी, दफनभूमीतले मराठी-हिब्रू दगड, समाजाची जुनी मासिकं यांची किंमत कळते. ज्याच्याकडे नोंद नाही त्याला दुसरा कुणीतरी सांगतो की तू कोण आहेस.

2011 च्या जनगणनेत भारतभर 4,650 ज्यू होते, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. जून 2016 मध्ये राज्याने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, चांगलं झालं. पण दर्जा दिल्याने जुनी मराठी वही वाचत नाही. काही जण म्हणतात, सगळे कागद जेरुसलेमला पाठवा, तिथे एसी आहे, तज्ज्ञ आहेत. पाठवा ना! पण प्रत इथे राहू द्या. तो कागद मराठीत आहे, तो वाचणारे इथे आहेत. कलकत्त्याच्या ज्यूंचे फोटो आणि आठवणी जादवपूर विद्यापीठाच्या मदतीने डिजिटल करून ठेवल्या गेल्या. तिथला समाज तर आता बोटांवर मोजण्याएवढा राहिलाय. मग मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांना आणि कोकणातल्या कॉलेजांना हे काम आपलं का वाटू नये? राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या वाड्यांतले कागद गोळा करत होते, तेव्हा त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता. आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे, आणि त्याचा मुख्य उपयोग सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या जर्नलचा फोटो काढणे हा आहे.

विट्यात बसून मला हे का सुचलं? कारण आपल्या खानापूर-आटपाडीची गलाईवाली माणसंही अशीच देशभर पांगली आहेत. पाऊस नाही म्हणून गाव सोडलं, तामिळनाडू, केरळ, बंगाल, दिल्ली, जिथे सराफकट्टा तिथे आपला माणूस. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबाने शुद्ध करायचं. पोरांची शाळा तमिळमध्ये, जत्रेला मात्र गावी. हॉस्टेलवर अशी किती मुलं-मुली आहेत ते मेसच्या टेबलावर मोजता येईल. पहिलं दुकान कुणी, कुठल्या साली, कुणाच्या उसनवारीवर टाकलं, हे सांगणारे आजोबा आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि आपला केहिमकर अजून लिहायला बसलेला नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीसाठी एक विनंती. ज्यांच्या घरी गलाईच्या दुकानाची जुनी वही, भाड्याची पावती किंवा भट्टीपुढचा फोटो असेल, त्यांनी त्याचा नीट उजेडात फोटो काढून आणावा. पुढे गावाचं नाव, साल आणि फोटोतली माणसं कोण ते लिहावं. नावं आजीलाच विचारा, वडिलांना निम्मीच आठवतात.